मेव्हण्यांचे दगड

आमच्या सौभाग्यवतींच्या थोरल्या बंधूंना देवानं डोळे दिले ते फक्त खाली बघण्यासाठी, असं माझं ठाम मत आहे. भाईंदरच्या मिठागरावर कारकुनी करत त्यांनी सतरा वर्षं काढली, पण त्या सतरा वर्षांत त्यांना आभाळ दिसलं असेल असं वाटत नाही. समोरून माणूस आला तर ते आधी त्याच्या पायाखाली बघत, आणि तिथे एखादी बरी गारगोटी असली तर त्या माणसाला नमस्काराच्या आधी बाजूला सरकायला सांगत. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू. ते मला जावईबापू म्हणत, आणि जावयाला सासरी जो मान असतो तो सगळा मी दर रविवारी खांद्यावरून वाहून आणत असे. सकाळी सातच्या ठोक्याला ते आमच्या ओट्यावर हजर होत. हातोडी त्यांच्याकडे असे, कारण ते नाजूक काम. दगडांची पिशवी माझ्याकडे. घोडबंदरची टेकडी, डोंगरीची खाण, उत्तनचा किनारा, कुठे कुठे म्हणून हिंडलो ते आता आठवायचं म्हटलं तरी गुडघे कुरकुरतात. एकदा मी म्हटलं, "दादा, यातले थोडे इथेच ठेवू या का? पुढच्या खेपेला नेऊ." ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू, हे दगड इथवर यायला किती वर्षं लागली असतील. तुम्ही दोन कोसांत थकलात."

दगड सापडला की ते तो चाटून बघत. ओला झाल्याशिवाय दगडाचा खरा रंग कळत नाही, हे त्यांचं शास्त्र. त्यामुळे मिठागराची, रेताडाची आणि मासळी वाळत घातलेल्या पुळणीची चव त्यांना सारखीच परिचयाची होती. या शास्त्राचा प्रसाद एकदा आमच्या घरालाही मिळाला. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला मंडळी आली होती. मुलाच्या वडिलांच्या बोटात लाल खड्याची ठसठशीत अंगठी होती आणि ते ती येताजाता कुरवाळत होते. दादांनी ती बघायला मागून घेतली, उजेडाला धरली, खड्याला जीभ लावली आणि परत देताना म्हणाले, "माणिक नाही. काच आहे. पण काच चांगली आहे हं." मंडळींनी पोहे संपवले, चहा घेतला आणि कळवतो म्हणून निघून गेली. त्यांचं पत्र काही आलं नाही. दादांना त्यात आपलं काही चुकलं असं शेवटपर्यंत वाटलं नाही. उलट एवढ्या वयाच्या माणसाला आजवर कुणी खरं सांगितलं नव्हतं, याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

दुपारी ते घासायला बसत. एका जुन्या शिवणयंत्राच्या पायट्यावर त्यांनी लोखंडी चकती बसवली होती. तिच्यावर कुरुंदाची पूड आणि पाणी टाकून ते तासन् तास दगड धरून बसायचे आणि त्या घरघरीनं चाळीतल्या एकाचीही दुपारची झोप होत नसे. वहिनींनी, म्हणजे दादांच्या पत्नीनं, यावर बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं. तांदळाच्या डब्यात हात घातला आणि अकिकाचा खडा लागला, तर त्या तो निमूट बाजूला ठेवत आणि तांदूळ निवडत. माझ्या वाढदिवसाला दादांनी मला अकिकाची सहा बटणं करून दिली. बटणं सुरेख होती, मधाच्या रंगाची. कोटाला लावल्यावर त्या वजनानं माझा कोट पुढून असा ओढला जाई, की कचेरीत लोक मला पाठीला काही झालंय का म्हणून विचारत. दोन वर्षं तो कोट घातला. काढायचं धैर्य झालं नाही.

लढाई सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तारोडीला एका ख्रिस्ती कुटुंबाच्या वाडीत विहीर खणत होते. सुरुंगानं खडकात एक पोकळी उघडी पडली आणि आत हिरवट काहीतरी चमकलं, असं दादांना मिठागरावरच्या गाडीवानाकडून कळलं. आम्ही गेलो. दोराला धरून दादा विहिरीत उतरले. मग खालून हाक आली, "जावईबापू, या." मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यामुळे विहिरीत उतरलो. पोकळीत हात जाईल एवढीच फट होती. आत आवळ्याएवढे हिरवे स्फटिक एकमेकांना चिकटून बसले होते, इतके स्वच्छ की ते पाणीच आहे असं वाटावं. दादांनी त्यांना हातसुद्धा लावला नाही. चाटणं तर दूरच.

ते छिन्नीनं हळूहळू काढायचे तर आठवडाभर लागला असता. पुढचा सुरुंग दुसऱ्या दिवशी होता. दादांनी रजा टाकली, मलाही टाकायला लावली आणि दोन दिवस ते त्या विहिरीत बसून राहिले. सुरुंगवाले वर बिड्या ओढत बसले. हाताला लागले ते चार तुकडे, तेही कडेचे. तिसऱ्या दिवशी घरची म्हातारी काठावर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुजा दगड काय पलून जाते? आमाला पानी न्हाय."

"आजी, अजून चार दिवस," दादा खालून म्हणाले. "सुरुंगानं सगळ्याचा भुगा होईल."

"चार दिस? माजी सून रोज चर्चच्या बावीवरून पानी आनते. तिला सातवा लागलाय. तू वर ये नि बग."

दादा वर आले. सून वाडीच्या फाटकातून आत येत होती, डोक्यावर हंडा, एक हात कमरेला. तिनं हंडा उतरवला, भिंतीला टेकून थोडा श्वास घेतला आणि रिकामी कळशी उचलून पुन्हा निघाली. दादा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना मान वर करून कुणाकडे एवढा वेळ बघताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"किती खेपा होतात तिच्या?" त्यांनी विचारलं.

"आज सा."

दादांनी कपाळावरची धूळ पुसली आणि सुरुंगवाल्याला म्हणाले, "लावा."

आम्ही माडाखाली जाऊन बसलो. मी कान झाकले, त्यांनी झाकले नाहीत. धूर निवल्यावर सुरुंगवाला खाली डोकावून म्हणाला, कडेनं ओल सुटली आहे. संध्याकाळपर्यंत तळाला वीतभर पाणी साचलं. म्हातारीनं गाळून आणलेलं पहिलं तांब्याभर पाणी दादांना दिलं. त्यांनी ते उभ्यानंच प्यायलं आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर माझी पिशवी हलकी होती. त्याचा आनंद व्हायला हवा होता.

पुढे लढाईच्या दिवसांत खात्यानं त्यांची बदली दूरच्या खाऱ्या रणाच्या काठच्या एका मिठागरावर केली. वहिनींनी एवढंच सांगितलं, "दगड येणार असतील तर मी राहते इथेच." दगड राहिले. त्या पावसाळ्यात चाळीसमोर चिखल झाला, तेव्हा शेजाऱ्यांनी ते वाटेवर पसरले. पाय कोरडे राहिले म्हणून सगळे दादांना दुवा देत होते. मी त्यांना हे कळवलं नाही.

त्यांची पत्रं येत. "इथे मैलोन् मैल जमीन सपाट आहे. मीठ, वाळू आणि मीठ. खाली बघावं असं काही नाही. प्रकृती बरी." तिसऱ्या का चौथ्या पत्रानंतर एका रविवारी मी एकटाच डोंगरीच्या बाजूला गेलो. सोबत कुणी नसल्यानं फार दमायला झालं. कुठला दगड चांगला हे मला कधीच कळलं नव्हतं, म्हणून मुठीत मावेल असा एक उचलला, फडक्यात गुंडाळला आणि डब्यात घालून टपालानं पाठवला.

महिन्याभरानं उत्तर आलं. "दगड पोचला. अगदीच साधा काळा आहे, घासूनही काही निघायचं नाही. तरी टेबलावर ठेवला आहे. डाव्या अंगाला केसाएवढी पांढरी रेघ गेली आहे, फार सुंदर आहे. तीच बघून तुम्ही उचलला असणार."

मी ती पाहिली नव्हती.