बिननावाचे छत्तीस फोटो

सकाळी सहाच्या एसटीने पुणे सोडलं तेव्हा पिशवीत लॅपटॉप होता, दोन चार्जर, छत्री, छत्तीस फोटोंच्या मोठ्या छापील प्रती आणि प्रत्येक प्रतीमागे टाचलेला एक कोरा कागद. मी नाट्यमंडळं, वाचनालयं, गायनशाळा यांच्या वेबसाइट बनवते आणि पुढे त्या सांभाळते. हे काम घरच्या टेबलावर बसून होतं. या वेळी प्रवास करावा लागला, कारण चूक माझी होती.

बेळगावजवळच्या कंग्राळीतल्या एका नाट्यमंडळाची साइट मी चार वर्षांपूर्वी केली. जुने फोटो कसे पाठवायचे याची अकरा मुद्द्यांची यादी त्यांना दिली होती. पुसा, स्कॅन करा, क्रमांक द्या, वगैरे. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, हे त्यात नव्हतं. माणसांची नावं मागेच लिहिलेली होती. फोटो आता कॉम्प्युटरवर सुखरूप आहेत म्हणून मंडळाने ते गोंद लावून सभागृहातल्या प्लायवर पक्के चिकटवून टाकले.

कागलनंतर पाट्यांवरची अक्षरं गोल, कानडी होतात. निपाणीत बस थांबली तेव्हा ओल्या हवेबरोबर तंबाखूचा उग्र वास आत शिरला. श्रावणातलं आभाळ इतकं खाली आलं होतं की दुपारी दोन वाजता बेळगावात दुकानांत दिवे लागलेले होते.

मंडळाचे सेक्रेटरी परशराम स्कूटर घेऊन आले होते. कंग्राळीतलं सभागृह त्यांनी दोनदा लाथ मारून उघडलं, दार फुगलं होतं. रंगमंचावर लग्नाची मोठी पातेली पालथी घातलेली. फोटोंचा बोर्ड मागच्या भिंतीला. ओल कडांकडून आत चढली होती आणि बऱ्याच फोटोंच्या बाजू पांढऱ्या पडल्या होत्या.

“सोडवायला बघितलो की मी,” परशराम म्हणाले. “केटलीची वाफ दिलो. एकाचं तोंडच सुटून आलं.”

“कुणाचं?”

“तेच तर म्हाईत न्हाय वो, मॅडम!” ते हसले, मग हसायचे थांबले.

मी एका फोटोचा कोपरा नखाने उचलून पाहिला. कागद फाटला. प्लायवर निळ्या शाईचा उलटा डाग राहिला होता, अक्षर एकही लागेना.

“आता नाटक कधी?”

“कुठलं नाटक? पोरं उद्यमबागला कारखान्यात शिफ्टला जात्यात. तालमीला यायला मी आणि ही पातेली.”

नावं सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता. यल्लाप्पा, मंडळाच्या नाटकांत बायकांची कामं करणारे, आता निपाणीला मुलाकडे राहणारे. घर, वेळ, बस, सगळं मी परशरामना विचारून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडसमोर पड्डू (आपले आप्पे) खाल्ले. चटणी झणझणीत होती, चहा मात्र पाणचट. कर्नाटकच्या बसची खिडकी लागत नव्हती. निपाणीला उतरले तेव्हा डावी बाही भिजलेली होती, फोटो कोरडे होते.

घर तंबाखूच्या गोदामांमागे. यल्लाप्पा, सगळ्यांचे आप्पा, खाटेवर ताठ बसले होते. मी पहिला फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या कागदावरून अंगठा फिरवला.

“त्यांना दिसत न्हाय, आक्का,” सूनबाई दारातून म्हणाल्या. “परशरामभाऊ सांगितले न्हाईत?”

मी विचारलंच नव्हतं.

परत जायचं तर बस दुपारी होती. आप्पाच म्हणाले, “तू सांग बाई, मी वळखतो.”

“पाच माणसं आहेत. मधल्याला फेटा, मोठी मिशी.”

“मिशी समद्यांनाच. उभा कसा ऱ्हायलाय?”

मी नीट पाहिलं. “सगळा भार डाव्या पायावर. एक खांदा पडलेला.”

“बाळू सुतार. बैल मारलता त्याला. फुडं.”

असं चाललं. कोणाची मान कशी, कोणाच्या साडीचा काष्टा कसा ओढलाय, हे मी चार वर्षांत पहिल्यांदा बघत होते. साइटवर प्रत्येक फोटोमागे एक चौकट असते. ज्यांना दिसत नाही त्यांना त्यातला मजकूर यंत्र वाचून दाखवतं. छत्तीसच्या छत्तीस चौकटींत मी ‘नाटकातील दृश्य’ एवढंच भरलं होतं.

प्रत्येक फोटोनंतर ते एकच विचारत. “आणि अण्णा?”

अण्णा त्यांचे थोरले भाऊ, मंडळाचे प्रॉम्प्टर. जन्मभर विंगेत वही घेऊन उभे राहिले. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता.

“डाव्या विंगेत बघ. तिथंच असायचा.”

“तिथे फोटो संपतो, आप्पा.”

का संपतो ते मला माहीत होतं. साइटवर एका रांगेत बसावेत म्हणून मी सगळे फोटो एका मापात कापले होते, आणि या प्रती त्याच होत्या. बोर्डवरच्या कडा तर ओलीने खाल्लेल्या. मी त्यांना सांगितलं, कडा मीच कापल्या.

“नीट दिसावं म्हणून?”

“हो.”

“व्हय,” ते म्हणाले. “आमी बी तसंच करत होतो. अण्णा जरा दिसला की म्हणायचं, मागं सर रं.”

एकोणीस फोटो झाले आणि ते थकले. उरलेल्यांतलं कोणी त्यांना ओळखू येईना, किंवा मला सांगता येईना. सूनबाईंनी चहा दिला. निघताना आप्पांनी विचारलं, “कापलेलं कुठं ऱ्हातंय का?”

घरी पोचल्यावर पिशवीही न सोडता जुनी हार्ड डिस्क लावली. मूळ स्कॅन होते. तेविसाव्या फोटोत, डाव्या कडेला, काहीतरी होतं. मी निपाणीला फोन लावला.

“हात दिसतोय, आप्पा. विंगेच्या कापडातून बाहेर आलेला. वही धरलीय, अंगठा पानांच्या मधे घातलाय.”

“आणि तोंड?”

“नाही. दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाही. सगळे पाहिले.”



“मग त्योच,” ते म्हणाले. “तोंड फुडं कधी काढलाच न्हाय. त्याचा हातच लाव तिथं.”

तो फोटो मी न कापता लावला आहे. रांगेतून बाहेर येतो, वाईट दिसतो. त्याच्या चौकटीत हाताचं वर्णन आहे आणि अण्णांचं नाव. ओळख न पटलेल्या बाकीच्या सोळा फोटोंच्या चौकटींत माणसं कशी उभी आहेत तेवढं लिहिलं. ऐकून ओळखणारा एकच माणूस होता, आणि त्याला ते सगळं माझं सांगून झालं आहे.