बाबांच्या वतीने

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींनाही नाही. आणि हे मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मला फार सफाईने बोलता येतं — तेच तर झालं.

बाबा रोषणाईचं काम करायचे. कंपनीचं गोदाम दुबईत, अल क्वोजला, आणि बाबा तिथले फोरमन. अरबांच्या घरी लग्न असलं की सगळा व्हिला गच्चीपासून खालपर्यंत दिव्यांच्या माळांनी मढवायचा. नॅशनल डे आला की रस्त्याचे खांब, डिसेंबरात हॉटेलांच्या दर्शनी भिंती. आम्ही राहायचो शारजात, अल मजाजला. कधी बाहेर गेलो तर परतताना बाबा गाडी लांबच्या रस्त्याने घ्यायचे आणि स्वतः सजवलेल्या एखाद्या घरासमोर जरा थांबवायचे. आम्ही आत बसूनच बघायचो. लग्न कुणाचं, ते आम्हाला माहीत नसायचं.

त्यांच्या जोडीला पास्कलकाका होते, वसईचे. ते नोकरी सोडून कॅनडाला गेले, एडमंटनला. तिथेही काम तेच. उन्हाळ्यात घरांचं वायरिंग, आणि थंडी सुरू झाली की लोकांच्या छपरांवर नाताळचे दिवे. तिथे म्हणे त्यासाठी पैसे देऊन माणसं बोलावतात, कारण छपरावर बर्फ असतो. आईला याचं हसू आलं होतं. "घरचा कंदील टांगायलाही माणूस?" ती म्हणाली. "मग दिवाळी कुणाची झाली?"

बाबा हसले नाहीत. पास्कलकाकांनी पाठवलेला फोटो ते पुन्हा पुन्हा काढून बघायचे. एक लाकडी घर, छपराच्या कडेने पिवळ्या दिव्यांची एकच ओळ, खाली अंगणभर बर्फ. आणि तो बर्फही पिवळा झालेला. "इथे आपण एवढे दिवे लावतो," ते एकदा मला म्हणाले, "पण वाळू सगळा उजेड पिऊन टाकते गं. हे बघ, इथे कसा परत येतो." एवढंच. स्वतःला काय हवं ते बाबा कधी बोलत नसत. म्हणून ते वाक्य मला अजून पाठ आहे.

मी हे सगळं सांगतेय आणि सांगायचं ते टाळतेय, कळतंय मला.

१९९८च्या सुमाराची गोष्ट. पास्कलकाकांच्या मालकाला पुढच्या हिवाळ्यासाठी आणखी माणसं हवी होती. काकांनी बाबांचं नाव सुचवलं. मालक स्वतः फोन करणार होता, शुक्रवारी सकाळी, आमच्या सुट्टीच्या दिवशी. बाबांचं इंग्रजी साइटवरचं — अर्धं हिंदी, थोडी अरबी, शेवटी 'यल्ला', म्हणजे चला. समोर माणूस असला की त्यांचं काही अडत नसे. पण फोनवर, आणि तेही कॅनडाचे उच्चार? पण मी होते ना. अकरावीतली, इंग्रजी शाळेतली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, पण बँक असो की एअरलाइन, फोनवर बाबांच्या वतीने मी घडाघडा बोलायचे. ते बाजूला उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. काय बोलतेय ते कळलं नाही तरी.

त्या सकाळी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. फोनसाठी.

आणि मला काय माहीत होतं? बाबांनी इथली नोकरी सोडली की आमचा व्हिसा खलास. आई-बाबांचं बोलणं मी ऐकलं होतं — ते तिथे स्थिरावेपर्यंत आई आणि मी डोंबिवलीला, मामाकडे. वर्ष, दोन वर्षं, कोण सांगणार? बाबा कुठेतरी बर्फात, आणि मी मामाच्या हॉलमध्ये गादी घालून. मला जायचं नव्हतं, आणि बाबांनीही जाऊ नये असं वाटत होतं. हे मी कुणाला म्हणाले नाही. मला कुणी विचारलं नाही, हे खरं — पण विचारलं असतं तरी मी म्हणाले असते का?

मालकाचा आवाज चांगला होता. तेही खुपतं. मला समजावं म्हणून तो सावकाश बोलत होता. त्याने विचारलं, उतरत्या छपरावर, कडाक्याच्या थंडीत, काम करायची यांची तयारी आहे का? मी बाबांना बरोबर तेच विचारलं. त्यांचा चेहरा खुलला. "सांग त्याला, शिडीवरच जन्म गेलाय माझा. थंडीची काय, होईल सवय. म्हणावं, बोलवाल तेव्हा येतो."

मी खिडकीकडे तोंड केलं. आणि भरभर, शाळेतल्या इंग्रजीत, सांगितलं की बाबा आभारी आहेत, पण त्यांचा विचार बदललाय. असं काम त्यांना आता नको वाटतं, आणि तिथली थंडी त्यांना झेपायची नाही.

'कोल्ड' हा शब्द बाबांना कळला. मी थंडीवरून काही विनोद केला असं त्यांना वाटलं. ते हसले, आणि कुडकुडल्यासारखे दंड चोळून मला दाखवले.

मालक म्हणाला, स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं. मी फोन ठेवला.

इथवर कुणी म्हणेल, घाबरलेली मुलगी होती. पण बाबा वाट बघत उभे होते. जागा भरल्या, असं मी सांगू शकले असते. पण मग त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं असतं — हे मी तेवढ्यात ताडलं. म्हणून मी म्हणाले, "दे वॉन्ट यंगर पीपल, बाबा. बिलो फॉर्टी."

बाबा त्रेचाळीस वर्षांचे होते.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. मग आत जाऊन शर्ट बदलून आले.

त्यानंतर ते हळूहळू शिडीवर चढेनासे झाले. माणसांना वर पाठवायचे आणि खालून हात करून सांगायचे. काही दिवस केसांना रंग लावला, मग तोही सोडला. जरा दमले की म्हणायचे, वय झालं. ते वय त्यांना कुणी दिलं होतं?

आणि त्या न पाहिलेल्या शहराची ओढ नंतर मलाच लागली. पेपरात मी तिथलं तापमान शोधायचे. उणे अठरा, उणे वीस. बाबांना मी तिथे उभं करून बघायचे — जाड कोटात, छपराच्या कडेशी, तोंडातून वाफ. तिथले बाबा तरुण असतात. अजूनही दिसतात मला. मी खालून हाक मारते, आणि ते कामात इतके गढलेले असतात की त्यांना ऐकू येत नाही.

काही वर्षांनी पास्कलकाका वसईला जाताना शारजात थांबले. इतकी वर्षं फोन नाही, काही नाही. जेवण झालं, चहा झाला, आणि बाबा सहज म्हणून गेले की तेव्हा जरा तरुण असतो तर आज तुझ्याबरोबर असतो. पास्कलकाकांनी कप खाली ठेवला.

"वयाचं कोण बोललं रे, सुभाष? मालक तर म्हणाला, तूच नको म्हणालास. थंडी झेपत नाही म्हणे. माझा शब्द घालवलास, म्हणून तर तोंड बंद केलं मी तुझ्याशी."

मी दारात उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ते काकांकडे वळले.

"हो रे," ते म्हणाले. "मीच नको म्हणालो होतो. विसरूनच गेलो बघ."

आई काही बोलायला गेली, तर त्यांनी तिला काकांना आणखी एक लाडू द्यायला सांगितलं.

मी तेव्हा बोलू शकले असते. मी रिकामे कप उचलले आणि आत गेले.

बाबांनी यावर मला कधी एका शब्दाने विचारलेलं नाही. ते पूर्वीसारखेच प्रेमाने वागतात. फक्त आता इंग्रजीतला फोन आला की ते स्वतःच बोलतात — अडखळत, एकेक शब्द शोधत, पुन्हा पुन्हा 'सॉरी, स्लोली' म्हणत. मी बाजूच्या खोलीत असते. ते मला हाक मारत नाहीत.