कलेक्टरसाहेबांसाठी काळाभोर गहू

"उरलेलं सगळं सल्फेट आजच टाका. गहू कसा काळाभोर दिसला पाहिजे. सोमवारी कलेक्टरसाहेब येतायत!" आमचे शेतकी अधिकारी मोटारीतून न उतरताच म्हणाले. उतरले असते तर बुटांना चिखल लागला असता ना!

लढाईचे दिवस होते. सरकारला जास्त धान्य हवं होतं. मी शेतकी खात्यात ओव्हरसियर. राहुरीकडे कालव्याखाली सगुणाबाईंच्या रानात आमचा गव्हाचा डेमॉन्स्ट्रेशन प्लॉट होता. सल्फेट म्हणजे साखरेसारखं दिसणारं नत्राचं खत. नत्रानं पीक काळपट दिसण्याइतकं हिरवंगार होतं, पण ते बेतानं द्यायचं. थोडं पेरताना, थोडं पहिल्या पाण्याला, आणि खाली शेणखत हवंच. एकदम ओतलं की ताटं नुसती उंच वाढतात आणि वाऱ्यानं लोळतात.

"साहेब, दोन्ही हप्ते देऊन झालेत. आणखी टाकलं तर गहू पडेल."

"पडेल तेव्हा पडेल. भेट सोमवारी आहे."

काय पण अक्कल! आणि म्हणे ॲग्रिकल्चरची डिग्री.

सगुणाबाई मिशन शाळेतल्या मास्तरांची विधवा. घरात सासू, तीन लेकरं. वर्षाचं खाणं याच गव्हावर. गडी खत फेकत होते, तेव्हा त्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"का ओ भाऊसाहेब, ह्ये खत गव्हाला हाय का सायबाला?"

कलेक्टर आले, मोटारीतूनच "व्हेरी गुड" म्हणाले, गेले. आमच्या साहेबांना चेव चढला. रिपोर्टात त्यांनी 'बंपर क्रॉप' लिहिलं. सरकारला सक्तीनं द्यायचं धान्य, म्हणजे लेव्ही, त्या वेळी पिकाच्या अंदाजावर ठरायची. सगुणाबाईंची लेव्ही त्या 'बंपर'वर ठरली.

ओंब्या भरायच्या वेळी वारं सुटलं आणि सगळा गहू आडवा झाला. दाणा निघाला जिऱ्यासारखा. मी साहेबांकडे धावलो.

"लेव्ही कमी करा म्हणून मामलेदारांना लिहा, साहेब."

"बंपर लिहिलंय मी! आता उलटं लिहून शोभा करून घेऊ?"

"बाईंची लेकरं खातील काय?"

"तो आपल्या खात्याचा विषय नाही."

मला असा संताप आला! मामलेदारांकडे मी स्वतः गेलो. ते म्हणाले, "तुमच्याच साहेबांची सही आहे, मी काय करू?" लेव्हीत घरातला होता नव्हता तो गहू गेला. सगुणाबाईंनी रेशनच्या किडक्या ज्वारीवर वर्ष काढलं. साहेबांना बढती मिळाली, पुण्याला गेले.

मी एवढंच शिकलो. साहेब येणार असले, की खताची पोती कुलपात ठेवायची आणि किल्ली हरवली म्हणून सांगायचं.