नौदलातले चंपतराव

चंपतरावांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. सक्करदऱ्याचा तलाव हेच त्यांचं सगळ्यांत मोठं पाणी, आणि त्यातही ते काठावर बसून पाय धुण्यापलीकडे गेले नव्हते. जन्म गिरणीत पाळ्या करण्यात गेला. शीण असा मुरला होता की रविवारीही अंगातून निघत नसे.

तरी एकाहत्तरच्या लढाईनंतर ते नौदलात अधिकारी झाले! शेजारचे भैयाजी कॅलेंडरची चित्रं काढत. त्यांना सरळ नाकाचा माणूस हवा होता. रातपाळी करून आलेल्या चंपतरावांना त्यांनी स्टुलावर बसवलं आणि तलवारीच्या जागी हातात छत्री दिली. चंपतराव बसल्याबसल्या उघड्या डोळ्यांनी झोपले. चित्रात पांढराशुभ्र पोशाख, सोनेरी बटणं, छातीवर पदकं असा सगळा थाट उतरला, आणि त्या पेंगुळल्या नजरेला लोक म्हणाले, "काय दूरवर पाहून राहिला गा!" कॅलेंडर छापलं, वर्ष सरलं, लोक विसरले. चंपतरावांना कापसाच्या धुळीचा खोकला तेवढा लागला.

काही वर्षांनी त्यांची बायको पंचफुला मागच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या कौसल्याबाईंकडे गेली आणि पांढरीफटक होऊन परतली.

"त्या बाईनं तुमच्या फोटोले हार घातला जी! जित्या माणसाले हार! म्हणूनच हा खोकला जाऊन नाही राहिला. आत्ताच्या आत्ता काढाले लावा तो!"

चंपतराव निघाले. खरं तर तेही घाबरले होते. इतकं थकूनही माणसाला मरावंसं वाटत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

तारखा कापून काचेत मढवलेलं चित्र भिंतीवर होतं. त्यावरचा हार सुकला होता. दारातला खुरटी दाढी वाढलेला माणूस तोच, हे कौसल्याबाईंच्या ध्यानातही आलं नाही.

"माहा श्रीधर जहाजावर होता, भाऊ. लढाईत गेला. देह बी नाही आला, अन् घरात त्याचा एक फोटो नाही. हा चेहरा त्याचा नाही, माहीत हाय मले. पण नोकरी तर त्याचीच ना? बोलाले कोणीतरी लागते."

बाईंनी झेंडूचा ताजा हार पुढे केला.

"आज तिथी हाय त्याची. माहा हात पुरत नाही. एवढा घालून देता का?"

हार हातात घेतला आणि पंचफुलेचं तोंड डोळ्यांपुढे आलं. खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी गिळली. मग टाचा उंचावून सुकलेला हार काढला, ताजा घातला आणि दोन्ही बाजूंनी सारखा केला.

"कसा शांत दिसते, नाही?" बाई म्हणाल्या.

"थकला असन," चंपतराव म्हणाले. "झोपू द्या त्याले."