माझा मोडलेला सोमवार आणि लेकीची पीएच.डी.

मैत्रिणींनो, आज सकाळी काय झालं सांगते.

आमची सुषमा पीएच.डी.साठी सरांना भेटायला निघाली होती. बी.एस्सी.ला एकदा नापास झाली होती, त्याचीच धास्ती. "आई, ते बघून सर मला घेणारच नाहीत," म्हणत रडवेली झाली.

तिच्या काळजीत मी नकळत चपातीचा तुकडा तोंडात टाकला.

"अगं आई, सोमवार! तुझे सोळा सोमवार मोडले ना!"

"मोडतायत कशाला? एक सोमवार वाढवीन. अंबरनाथचा महादेव काय मला दारातून हाकलणार आहे?"

ती खुदकन हसली. मग गादीखाली लपवलेली नापासाची मार्कशीट काढून फाईलमध्ये घातली आणि गेली.

दिवेलागण झाली, अजून आली नाही. महादेव मला सांभाळून घेईल, ते ठाऊक आहे. सर माझ्या पोरीला घेतील ना गं?