वारशात न येणारी खूण

"चूक माझीच आहे, मॅडम," माझ्या टीममधली शर्वरी हिरमुसून म्हणाली. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटची फाइल कुणी उघडली, याची नोंद दोन दिवस झालीच नव्हती. मेथडच्या, म्हणजे एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, डोक्यावर खूण असली, की नोंदीचा कोड आपोआप चालतो. खूण पॅरेंट क्लासमधल्या मेथडवर होती. पॅरेंटच्या मेथड वारशाने घेणाऱ्या चाइल्ड क्लासमध्ये हिने तीच मेथड नव्याने लिहिली आणि खूण मागेच राहिली. नव्याने लिहिलं, की ती वारशात येत नाही.

मला रागावता येईना. घरच्यांशी भांडून एकटी राहणारी, देव न मानणारी ही मुलगी. तिनेही स्वतःला नव्याने लिहिलंय.

ती उठली, तेवढ्यात तिचा पाय लॅपटॉपच्या बॅगेला लागला. चटकन वाकून तिने बॅगेला हात लावला आणि कपाळाला टेकवला.

"खूण लावते लगेच," म्हणाली. आत्ता काय केलं, हे तिच्या गावीही नव्हतं.