काहीही न करण्याची दहा मिनिटं

सांगते, पण आधीच बजावते: हसायचं असेल तर तोंडाला पदर लावून हसा. माझा राग अजून उतरलेला नाही! फजिती झाली, आणि तीही कशात? काहीही न करण्यात!

आमच्या ह्यांचा उजवा हात वर्षभरापासून थरथरतो. आमच्या ब्राह्मणपुरी गावात केळीचे घड खांद्यावर वाहणारा माणूस आता शर्टाचं बटण लावून घ्यायला माझ्यापुढे उभा राहतो हो! मी सव्वा लाख जपाचा संकल्प केला आणि ह्यांना नाशिकच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीएवढ्या. म्हणाल्या, "काकू, मेंदूच्या गाभ्यात स्ट्रायटम नावाचा भाग असतो. माणूस नुसता पडून असला तरी तो बाकीच्या भागांशी बोलत असतो. काकांचं ते बोलणं कुठे तुटतंय, ते शोधतोय आम्ही. ताडून बघायला धडधाकट माणसाच्या मेंदूचं चित्र हवं. मशीनमध्ये याल तुम्ही?"

ह्यांच्या हातासाठी मी विहिरीत उडी मारली असती, हे तर मशीन!

ह्यांचं चित्र पहिल्या फटक्यात निघालं. मग मी. मंगळसूत्र काढून ह्यांच्याकडे दिलं, कानात बोळे घातले, आडवी झाले. "दहा मिनिटं समोरच्या फुलीकडे बघा. झोपायचं नाही आणि काहीही करायचं नाही."

ठकठक, घर्रर्र! मी पडून. अगदी दगड!

बाहेर आले तर बाई संगणकासमोर कपाळाला आठ्या घालून. "काकू, आत काय करत होतात?"

"काहीच नाही!"

"हात चालवणारा भाग नुसता पेटलाय. जणू पोळ्या लाटत होतात!"

आली ना तिडीक? सोमवारचा उपास, सकाळपासून पाण्यावर, आणि मी खोटं बोलते? म्हटलं, "मशीन तपासा तुमचं!"

पुन्हा आत. ह्या खेपेला आणखी शांत पडले. चित्र आणखी बिघडलं! आता बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, तुमचाही हात कधी थरथरतो का?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. दोघांचेही हात गेले तर बटणं लावायची कोणी? आणि हे? हे खुशाल हसत होते! असा संताप आला की सांगता सोय नाही.

तिसऱ्या खेपेला बाईंनी ह्यांना आत माझ्या पायाशी बसवलं, नजर ठेवायला. मशीन थांबलं तसे हे ओरडले, "डॉक्टर, हिन्हा आंगठा! बोटेसवर सारखा फिरी ऱ्हायना!"

"म्हणजे जप!" मी म्हटलं. "बोटांच्या पेरांवर मोजत नाम घेत होते."

"पण काकू, काही करायचं नाही म्हटलं होतं ना?"

"मग नाम घेणं हे काय काम आहे? रिकाम्या वेळी माणसाने दुसरं करायचं तरी काय?"

बाईंनी डोक्याला हात लावला. "दहा मिनिटं जप नको. काकांसाठी."

तुम्हीच सांगा, ज्याच्या हातासाठी जप, त्याच्याच हातासाठी जप सोडा? धुसफुसत पुन्हा आत गेले. मूठ आवळली. देवाची मनातल्या मनात माफी मागितली आणि खरंच सांगते, नाम घेतलं नाही. पूर्ण दहा मिनिटं फक्त ह्यांच्यावर चिडले.

"हालनाच!" हे म्हणाले. "मूठमा बी हालना!"

"अहो, हलला असेल अंगठा, पण मी नाही हलवला!"

"खरं आहे काकूंचं," बाई म्हणाल्या. "सवय झाली की हात विचारत नाही. तो गाभाच सवयींचं घर आहे. काकूंना आजार नाही, पण हे चित्र उपयोगाचं नाही." मग ह्यांच्याकडे वळून विचारलं, "काका, घरात दुसरं कोणी धडधाकट आहे? दहा मिनिटं निव्वळ रिकामं बसू शकेल असं?"

ह्यांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"शे ना! आमनी म्हैस. ती रिकामी बसनी का खरंच रिकामी बसस!"

आणि खोटं नाही सांगत, बाईंनी नाव लिहून घ्यायला पेन उचललं होतं!